विश्लेषण : सौर पॅनेलवरची धूळ किती वीज खाते?

*गच्चीवर सौर पॅनेल बसले, वीजबिल उतरले आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा हळूहळू चढू लागले, असा अनुभव अनेक घरांत येतो. यंत्रणा बिघडलेली नसते, पॅनेलवर धूळ साचलेली असते. ही धूळ नेमके काय करते, पॅनेल किती दिवसांनी धुवावेत आणि धुताना काय टाळावे?*

सौर पॅनेल विकताना हमखास सांगितले जाते की यात फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे देखभालीचा खर्च जवळपास शून्य. यातील पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागात गच्चीवर उतरणारी धूळ हिशेबात धरलेली नसते.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर यंत्रणा बसवण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. उरलेली रक्कम बरीच कुटुंबे कर्ज काढून उभी करतात. ‘इतक्या वर्षांत पैसे वसूल’ हे गणित वर्षाला ठरावीक युनिट तयार होतील असे धरूनच मांडलेले असते. पॅनेल मळके राहिले की ही वसुली लांबते.

### धूळ बसली की पॅनेलमध्ये काय घडते?

पॅनेलच्या काचेखाली सिलिकॉनचे पातळ घट, म्हणजे सोलर सेल, ओळीने जोडलेले असतात. सेलवर जितका प्रकाश पडतो, तितका विद्युतप्रवाह तयार होतो. काचेवर धुळीचा थर बसला की काही प्रकाश कणांवर आपटून परत फिरतो, काही कणांतच शोषला जातो. सेलपर्यंत कमी प्रकाश पोहोचतो आणि प्रवाह घटतो. पॅनेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मात्र फारसा बदलत नाही. त्यामुळे यंत्रणा वरवर अगदी व्यवस्थित चालू दिसते. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा असतो, कुठलीही सूचना येत नाही, फक्त युनिट कमी पडतात.

सगळ्यांत जास्त त्रास बारीक कणांचा. वजनाने सारखीच असली, तरी जाड मातीपेक्षा बारीक पूड काचेचा जास्त भाग झाकते. मूठभर खडी फरशीवर टाकली तर मधली फरशी दिसत राहते. तेवढ्याच वजनाची राख पसरली तर सगळी फरशी करडी होते, तसाच हा प्रकार. शिवाय जाड कण वाऱ्याने उडतात, बारीक कण काचेला चिकटून राहतात.

त्यात दव पडले की काम अवघड होते. रात्री उघड्या आकाशाखाली पॅनेल थंड होतो, त्यावर दव जमते. धुळीतले क्षार त्यात विरघळतात आणि सकाळी ऊन पडल्यावर पाणी उडून जाते. मागे राहतो तो खपलीसारखा घट्ट थर. हिवाळ्यात ही क्रिया रोज घडत असते. म्हणून डिसेंबर-जानेवारीतली धूळ नुसत्या फुंकरीने किंवा वाऱ्याने जात नाही.

### नुकसान किती होते?

याचे एकच उत्तर नाही, कारण ते ठिकाण, हंगाम आणि पॅनेलचा उतार यांवर ठरते. ‘जूल’ या विज्ञानपत्रिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला होता की, पॅनेलवरील घाणीमुळे जगातील सौरवीज निर्मितीत दरवर्षी किमान ३ ते ४ टक्के घट होते. या सरासरीत पॅनेल नियमित धुणारे मोठे प्रकल्पही आले आणि वर्षभर पाऊस पडणारे देशही आले.

भारतातील चित्र याहून गंभीर असू शकते, हे गांधीनगरमधील एका अभ्यासातून दिसले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे माइक बर्गिन आणि आयआयटी गांधीनगर येथील संशोधकांनी संस्थेच्या छतावरील पॅनेलची पाहणी केली. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. काही आठवडे तसेच राहिलेले पॅनेल धुतल्यावर त्यांची कार्यक्षमता दर वेळी सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्याचे त्यात आढळले. काचेवरच्या थराचे वजन पाहिले तर ९२ टक्के वाटा साध्या धुळीचा होता. उरलेला वाटा वाहने, इंधनाचे ज्वलन आणि अन्य मानवी कारणांमुळे आलेल्या कार्बन आणि क्षारकणांचा होता. प्रमाण कमी असले, तरी हे कण बारीक, चिकट आणि प्रकाश अडवण्यात पटाईत असल्याने त्यांचा परिणाम वजनाच्या मानाने कितीतरी मोठा ठरतो.

गांधीनगरचे हे आकडे जसेच्या तसे रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला लावता येणार नाहीत. तिथली हवा कोरडी, पाऊस कमी आणि धूळ भरपूर. मात्र नोव्हेंबर ते मे या काळात मराठवाडा, खान्देश आणि विदर्भातील परिस्थिती त्याच्या बऱ्याच जवळ जाते.

### महाराष्ट्रात धोका कुठे आणि कधी जास्त?

राज्यात पॅनेल मळण्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि वळवाच्या पहिल्या चांगल्या सरीपर्यंत टिकतो. हाच काळ सौरवीज निर्मितीच्या दृष्टीनेही सुगीचा. मार्च ते मे या महिन्यांत ऊन सर्वाधिक असते आणि पंखे, कूलर, एसी यांमुळे विजेची गरजही. म्हणजे वीज सर्वाधिक हवी असते, तेव्हाच पॅनेल सर्वाधिक मळलेले असतात.

गावानुसार धुळीची जात बदलते. खडी क्रशर, वीटभट्टी किंवा कच्च्या रस्त्याशेजारच्या घरांवर मातीचा जाड थर बसतो. साखर कारखान्याच्या आसपास गळीत हंगामात चिपाडाची काळी राख उडते आणि उसाचे पाचट पेटवले की तीच काजळी घराच्या छतावर येते. औष्णिक वीजकेंद्रे आणि कोळसा खाणींच्या परिसरात कोळशाची पूड आणि राख असते. मळणीच्या दिवसांत भुसा उडतो. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत बांधकामांची सिमेंटमिश्रित धूळ आणि वाहनांचा धूर एकत्र येतो. यातील सिमेंटची धूळ दवात भिजली की अक्षरशः काचेवर घट्ट बसते. किनारपट्टीवर माती कमी, पण खाऱ्या वाऱ्यातले मीठ काचेवर आणि लोखंडी सांगाड्यावर साचते.

### पाऊस पॅनेल धूत नाही का?

धुतो, पण पाऊस कसा पडतो यावर ते अवलंबून आहे. जोराची सर आली आणि पॅनेलला पुरेसा उतार असेल तर बहुतांश सुटी धूळ वाहून जाते. जून ते सप्टेंबर या काळात त्यामुळे वेगळ्या सफाईची फारशी गरज पडत नाही.

अवकाळीचा शिडकावा मात्र उलटे काम करतो. हवेतली धूळ खाली आणतो, पॅनेलवरच्या धुळीचा चिखल करतो आणि वाहून नेण्याइतके पाणी न देताच थांबतो. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात तो चिखल वाळतो. मार्च-एप्रिलमध्ये असा भुरभुर पाऊस झाल्यानंतर पॅनेल आधीपेक्षा जास्त मळके दिसतात ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. पावसाचे पाणी उतारावरून खाली येते आणि पॅनेलच्या खालच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला अडते. तिथे पाण्याबरोबर आलेला गाळ साचून पट्टा तयार होतो. पॅनेल जवळजवळ सपाट बसवले असतील तर हा पट्टा रुंद होतो. कोकणासारख्या भागात याच पट्ट्यात पावसाळ्यात शेवाळ धरते. वरची काच लख्ख दिसत असताना खालच्या ओळीतले सेल झाकलेले असतात आणि त्याचा फटका दिसतो त्याहून मोठा असतो.

### एका डागाचा फटका मोठा का?

पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून हातोहात विटा पुढे देतात, तशी ही रचना आहे. रांगेतला एक जण संथ झाला की पूर्ण रांगेचा वेग त्याच्या वेगावर येतो. सगळ्या पॅनेलवर सारखी पातळ धूळ असेल तर सगळेच थोडे संथ होतात. पण कबुतराची किंवा कावळ्याची विष्ठा एका सेलवर पडली, तर तेवढा एक सेल जवळपास थांबतो आणि बाकीच्यांचा प्रवाह अडवतो.

हा अडलेला सेल वीज तयार करण्याऐवजी इतरांची वीज उष्णतेच्या रूपात खाऊ लागतो. तो भाग बाकीच्या पॅनेलपेक्षा खूप तापतो. तंत्रज्ञ याला ‘हॉटस्पॉट’ म्हणतात. यापासून संरक्षण म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात. सर्वसाधारण पॅनेलमध्ये ते तीन असतात. अडलेला भाग वगळून ते प्रवाहाला दुसरी वाट देतात. पण त्या बदल्यात पॅनेलचा तेवढा हिस्सा वीज देणे थांबवतो. विष्ठा किंवा चिकटलेले पान महिनोन्‌महिने तसेच राहिले, तर सेल कायमचा खराब होऊ शकतो, मागचा थर करपू शकतो. धूळ धुतली की गेलेली क्षमता परत येते. करपलेला सेल मात्र धुवून बरा होत नाही.

म्हणूनच संपूर्ण पॅनेल धुण्याची वेळ आलेली नसली, तरी पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, चिकटलेली पाने आणि पतंगाचे कागद दिसताच काढून टाकावेत.

### तीन किलोवॅटच्या घराला हे रुपयांत किती पडते?

महाराष्ट्रात एक किलोवॅट क्षमतेची यंत्रणा वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देते. म्हणजे तीन किलोवॅटची यंत्रणा महिन्याला सुमारे ३६० युनिट. धुळीने १० टक्के घट झाली तर ३६ युनिट गेले. वाचणाऱ्या युनिटची किंमत ८ रुपये धरली तर महिन्याला २८८ रुपये. घट २० टक्क्यांवर गेली तर ५७६ रुपये.

आता सफाई किती दिवसांनी करायची ते पाहू. समजा एखाद्या ठिकाणी धुळीमुळे रोज ०.३ टक्का घट होत जाते. महिनाअखेर ती ९ टक्के होईल, पण महिन्याची सरासरी घट ४.५ टक्केच असेल, कारण सुरुवातीचे दिवस स्वच्छ होते. या हिशेबाने दोन महिन्यांनी धुतल्यास दरमहा सुमारे ३२ युनिट वाया जातात, महिन्यातून एकदा धुतल्यास १६, पंधरवड्याने धुतल्यास ८ आणि दर आठवड्याला धुतल्यास ४.

सफाई जितकी वाढवावी तितका फायदा आटत जातो, हे यातून दिसते. दोन महिन्यांवरून महिन्यावर आले की १६ युनिट वाचतात. पंधरवड्यावरून आठवड्यावर आले की फक्त ४, म्हणजे ३२ रुपये. आणि त्यासाठी महिन्यातून दोन खेपा जास्त. माणूस बोलावून दर खेपेला ३०० रुपये द्यावे लागत असतील तर लहान घरगुती यंत्रणेला आठवड्याची सफाई तोट्याची आहे. घरच्या माणसाने सुरक्षितपणे करणे शक्य असेल तर कोरड्या हंगामात पंधरवड्यातून किंवा महिन्यातून एकदा धुणे पुरेसे ठरते. क्रशर, भट्टी किंवा कारखान्याजवळ घर असेल तर अंतर कमी करावे लागेल.

तीस किलोवॅटची यंत्रणा असलेल्या गृहनिर्माण सोसायटीचे गणित वेगळे. वाया जाणारे युनिट दहापट असतात, पण सफाईचा खर्च दहापट नसतो. सोसायटीला महिन्यातून दोनदा पगारी सफाई सहज परवडू शकते.

यात एक बारकावा आहे. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि तिचे युनिट पुढच्या बिलात वळते होतात. आर्थिक वर्ष संपताना उरलेल्या युनिटना मिळणारा दर मात्र कमी असतो. त्यामुळे ज्या घरात गरजेपेक्षा बरीच जास्त वीज तयार होते, तिथे धुळीचे नुकसान रुपयांत कमी दिसते. ज्यांची यंत्रणा गरजेला जेमतेम पुरते, त्यांना प्रत्येक गेलेले युनिट पूर्ण दराने विकत घ्यावे लागते.

### निर्मिती घटली हे ओळखायचे कसे?

वीजबिलावरून नाही. नेट मीटरच्या बिलात महावितरणकडून घेतलेले आणि महावितरणला दिलेले युनिट दिसतात. दिवसा घरातच वापरल्या गेलेल्या सौरविजेची नोंद त्या दोन आकड्यांत येत नाही. एप्रिलमध्ये एसी सुरू झाला आणि बिल वाढले, तर पॅनेल मळले असा निष्कर्ष काढणे चुकीचे. त्यासाठी इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा, त्याच्या मोबाइल ॲपमधला किंवा सौरनिर्मितीच्या स्वतंत्र मीटरवरचा आकडा पाहायला हवा.

सोपी चाचणी अशी. आकाश निरभ्र असलेल्या दिवशी एकूण किती युनिट तयार झाले ते लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनेल धुवावेत आणि त्या दिवसाचा आकडा पाहावा. दोन्ही दिवस निरभ्र असतील तर २-३ टक्क्यांचा फरक हवामानाचाही असू शकतो. फरक ८-१० टक्के आला तर तो धुळीचा. म्हणजे दिवसाला ११ युनिट देणारी यंत्रणा धुतल्यावर १२ देऊ लागली, तर सफाई आधीच व्हायला हवी होती. ही नोंद दोन-तीन वेळा ठेवली की आपल्या छतासाठी योग्य अंतर किती, ते कळते.

धुतल्यावरही फरक पडला नाही तर कारण दुसरीकडे शोधावे. शेजारच्या नव्या इमारतीची, वाढलेल्या झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली, सैल जोडणी, इन्व्हर्टरमधील बिघाड अशी कारणे असू शकतात. वीजवाहिनीचा दाब वाढल्यामुळे भरदुपारी इन्व्हर्टर स्वतःहून बंद होणे हेही एक कारण असते. उन्हाळ्यातील उष्णतेचाही वाटा असतो. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते आणि सेल त्याहून एक अंश तापला की उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्याच्या दुपारी सेलचे तापमान ६० अंशांच्या वर गेले की १०-१४ टक्के घट नुसत्या उष्णतेने होते. ती सफाईने भरून निघत नाही. जुलै-ऑगस्टमधील कमी युनिटही ढगांमुळे असतात, मळामुळे नव्हे.

### शेतकऱ्याच्या सौर पंपाला जास्त फटका का?

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीतील शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरून ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. घरगुती यंत्रणेत पॅनेल कमी पडले तर उरलेली वीज जाळ्यातून येते. शेतातल्या पंपाला असा आधार नाही. जेवढे ऊन, तेवढेच पाणी.

त्यात पंपाचा स्वभाव वेगळा. विहिरीच्या किंवा बोअरच्या खोलीतून पाणी वर उचलण्यासाठी पंपाला किमान एक वेग लागतो. त्याखाली मोटर फिरते, पण पाणी वर येत नाही. पॅनेल मळलेले असतील तर सकाळी हा वेग गाठायला उशीर होतो आणि दुपारनंतर पंप लवकर सुटतो. भर दुपारी धारही बारीक पडते. त्यामुळे विजेत १० टक्के घट झाली तर दिवसभरात मिळणाऱ्या पाण्यात घट १० टक्क्यांहून जास्त असू शकते. पाण्याची पातळी जितकी खोल, तितका हा फरक मोठा.

रब्बीच्या अखेरीस आणि उन्हाळी पिकाच्या वेळी बोअरची पातळी खाली गेलेली असते आणि पॅनेलवर चार-पाच महिन्यांची धूळ असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. पाणी कमी आले की दोष पंपाला किंवा बोअरला दिला जातो. मेकॅनिकला बोलावण्याआधी पॅनेल धुऊन एक दिवस धार पाहणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. योजनेतील पंपांना पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. पण काचेवरची धूळ हा बिघाड नव्हे, ती पुसण्याचे काम शेतकऱ्यालाच करावे लागते.

### पॅनेल धुवायचे कसे?

वेळ पहाटेची किंवा सूर्य मावळल्यानंतरची निवडावी. पहाटे दवाने धूळ सैल झालेली असते आणि काच थंड असते. भरदुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतल्यास काचेवर ताण येतो आणि तडा जाण्याची शक्यता असते. पाणी लगेच वाळून डागही उरतात.

आधी नुसते पाणी सोडून माती भिजू द्यावी. मग मऊ कापड, स्पंज किंवा लांब दांड्याचा मऊ मॉप वरून खाली फिरवावा. शेवटी स्वच्छ पाणी सोडून रबरी वायपरने निथळावे. खालच्या चौकटीजवळचा गाळ विसरू नये. कोरड्या धुळीवर कोरडे फडके घासणे टाळावे. धुळीतले वाळूचे कण काचेवर चरे पाडतात. काचेवर प्रकाश कमी परतावा यासाठी बहुधा एक पातळ लेप असतो, तोही या घासण्याने झिजतो. तारेची घासणी, घासायची पावडर, ॲसिड आणि गाडी धुण्याचा प्रेशर पंप यांपैकी काहीही वापरू नये. हट्टी डागासाठी सौम्य द्रव साबणाचे दोन थेंब पुरतात. तो नीट धुतला गेला नाही तर त्याच्या चिकट थरावर धूळ लवकर बसते.

बोअरचे जड पाणी हा महाराष्ट्रातील बऱ्याच गावांतला प्रश्न. असे पाणी पॅनेलवर वाळले की क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि वर्षभरात त्यांची खपली होते. शक्य असेल तर नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. बोअरचेच वापरावे लागले तर ते काचेवर वाळू न देता लगेच वायपरने काढावे.

पॅनेलवर कधीही पाय देऊ नये किंवा गुडघा टेकू नये. वरची काच फुटत नाही, पण खालच्या सेलला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात आणि त्यांचा परिणाम पुढील काही वर्षांत उमटतो. अशा वापरामुळे कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

सर्वांत महत्त्वाचे जीव सांभाळणे. घरातला मुख्य स्विच बंद केला तरी पॅनेलवर प्रकाश असेपर्यंत त्यांच्या तारांत वीज असते. आठ-दहा पॅनेल एका माळेत जोडलेले असतील तर हा दाब ३००-४०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असू शकतो. फुटलेली काच, उघडी तार किंवा निघालेला जोड दिसला तर पाणी न टाकता तंत्रज्ञाला बोलवावे. धुण्याआधी विक्रेत्याने दाखवलेल्या क्रमाने यंत्रणा बंद करावी. आणि ओल्या पत्र्यावर किंवा कठड्याविना गच्चीवर चढून महिन्याचे शे-दोनशे रुपये वाचवण्याचा धोका कुणीही पत्करू नये. अशा ठिकाणी जमिनीवरून किंवा गच्चीवरून लांब दांड्याने जेवढे होईल तेवढे करावे, बाकी काम दोर आणि पट्टा वापरणाऱ्या प्रशिक्षित माणसावर सोपवावे.

### मोठे प्रकल्प इतके पाणी आणतात कुठून?

घराच्या पॅनेलना दोन-तीन बादल्या पुरतात. लाखो पॅनेलच्या प्रकल्पाला टँकर लागतात. त्यातच सौर प्रकल्पांसाठी पसंतीची जागा म्हणजे भरपूर ऊन आणि कमी पाऊस असलेला प्रदेश. जिथे धूळ जास्त आणि पाणी कमी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०२२ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगभर सौर पॅनेल धुण्यासाठी वर्षाला सुमारे ३,८०० कोटी लिटर पाणी लागते. सुमारे २० लाख लोकांची पिण्याची गरज त्यातून भागू शकते.

त्यामुळे मोठे प्रकल्प बिनपाण्याच्या सफाईकडे वळत आहेत. राजस्थानातील २,२४५ मेगावॅटच्या भडला सौर पार्कमध्ये पॅनेलच्या रांगांवरून सरकणारे रोबो मऊ ब्रशने कोरडी धूळ झटकतात. मॅसॅच्युसेट्सच्याच संस्थेतील कृपा वाराणसी आणि श्रीदत्त पनत यांनी त्याच वर्षी वेगळी पद्धत मांडली. पॅनेलजवळून विद्युतभारित पट्टी फिरवली की धुळीचे कण भारित होऊन काचेपासून दूर फेकले जातात, ना पाणी ना घर्षण. धूळ चिकटू न देणारे लेपही बाजारात आहेत. पण ऊन, पाऊस आणि घासण्याने ते झिजतात आणि पुन्हा लावावे लागतात. घरगुती छतासाठी आजही पाणी, मऊ कापड आणि वायपर हेच सर्वांत स्वस्त तंत्रज्ञान आहे.

धुळीपुढे कोट्यवधी डॉलरची यंत्रणाही हरते. ‘नासा’चे ‘इनसाइट’ हे यान २०१८ मध्ये मंगळावर उतरले. त्याच्या पॅनेलवर धूळ साचत गेली, वीज घटत गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये मोहीम संपल्याचे जाहीर करावे लागले.

### यंत्रणा बसवतानाच काय पाहावे?

सफाईचा निम्मा प्रश्न यंत्रणा बसवतानाच सुटतो किंवा कायमचा मागे लागतो. पॅनेलना पुरेसा उतार हवा. महाराष्ट्राच्या अक्षांशानुसार दक्षिणेकडे साधारण १५ ते २० अंशांचा उतार वीजनिर्मितीलाही मानवतो आणि पावसात गाळही वाहून जातो. जागा वाचवण्यासाठी पॅनेल जवळजवळ सपाट टाकले तर खालच्या चौकटीत गाळ साचणार हे गृहीत धरावे. पाणी निथळून जाण्यासाठी चौकटीवर बसवायच्या छोट्या क्लिपा मिळतात.

गच्ची वापरात राहावी म्हणून उंच सांगाडा करून त्यावर पॅनेल बसवण्याची पद्धत राज्यात रूढ झाली आहे. खाली कपडे वाळतात, मुले खेळतात. पण वरचे पॅनेल धुण्यासाठी हात पोहोचत नाही. अशा सांगाड्याला पॅनेलच्या दोन रांगांमध्ये चालण्यापुरती मजबूत पट्टी, शिडी आणि पाण्याचा नळ यांची सोय आधीच करून घ्यावी. नंतर ती करायला दुप्पट खर्च येतो, म्हणून बहुतेकदा ती होतच नाही आणि पॅनेल वर्षानुवर्षे पावसाच्या भरवशावर राहतात.

विक्रेत्याबरोबरच्या करारात ‘पाच वर्षे देखभाल’ असे लिहिलेले असेल तर त्यात सफाई येते का, आणि वर्षातून किती वेळा, हे सही करण्याआधी विचारावे. पॅनेलची २५ वर्षांची कामगिरीची हमी ही पॅनेलच्या गुणवत्तेची हमी असते. त्यावर साचलेल्या धुळीची जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही. दिवाळीनंतर एकदा, संक्रांतीच्या सुमारास एकदा आणि होळीनंतर दर महिन्याला, एवढे वेळापत्रक पाळले आणि प्रत्येक वेळी आधीचा-नंतरचा आकडा टिपून ठेवला, तरी बहुतेक घरांचे काम भागते.